चहा कर्जतला

भाऊंच्या घरी सकाळचा चहा लोणावळ्यात उकळायचा आणि प्यायचा कर्जतला. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, घर बदलायला हवं.

आदल्या संध्याकाळीच मी त्यांच्या मागच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहायला आले होते. सकाळी नळाला पाणी नव्हतं. मोटारचं बटण कुठं आहे ते विचारायला पुढच्या व्हरांड्यात गेले, तर घरमालक लाकडी खुर्चीत ताठ बसलेले. डोळे उघडे होते, पण नजर समोरच्या जास्वंदीवर नव्हती. डावा हात खुर्चीच्या दांडीवर ठोकलेल्या जुन्या कपाटाच्या पितळी मुठीवर, उजवा थोडा पुढं, हवेत. मी दोनदा हाक मारली. तेवढ्यात त्यांच्या बायको, म्हणजे मावशी, स्वयंपाकघरातून पदर सावरत आल्या आणि मला खांद्याला धरून बाजूला घेतलं.

“आता बोलू नगा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “घाटात हायती. ठाकूरवाडीला गाडी हुबी ऱ्हाईल, तवा इचारा. चहा घेनार का तुमी? त्यांचा कर्जतला असतो, तुमाला आत्ता देते.”

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोणावळ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात तेव्हा नवीनच लागले होते. लोकांचे आखडलेले खांदे आणि दुखरे गुडघे यांच्याशी माझं काम. त्या सकाळी मात्र हे प्रकरण आपल्या खात्यातलं नाही, याची माझी खात्री पटली होती.

मग कळलं ते असं. भाऊंनी सगळी नोकरी घाटातल्या इंजिनावर केली होती. सुरुवातीची अकरा वर्षं बँकरवर, म्हणजे कर्जतहून वर चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जे इंजिन लावतात त्यावर. पुढची वर्षं गाडीच्या तोंडाशी. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांत त्यांनी एकही सकाळ चुकवली नव्हती. सहा वाजून वीस मिनिटांनी खुर्चीत बसायचं, ब्रेक तपासायचा, आणि गाडी खाली न्यायची. खंडाळा, मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग, पळसदरी. कर्जत आलं की मूठ सोडून ते “कर्जत” असं म्हणायचे, आणि मावशी कप पुढं करायच्या.

उतरताना मंकी हिल, ठाकूरवाडी आणि जांबरुंगला गाडी पूर्ण उभी करावी लागते. उभी राहिली तरच पुढचा रस्ता मिळतो. नाही राहिली तर सांधा तिला बाजूच्या चढाच्या रुळावर घालतो, आणि ती तिथं जाऊन थांबते. त्या रुळाला कॅच साइडिंग म्हणतात. भाऊंनी जन्मभर ते रूळ फक्त खिडकीतून पाहिले होते. याचा त्यांना इतका अभिमान होता, की सांगताना ते उभे राहायचे.

घरातल्या माणसांना या वेळापत्रकाची सवय होती. एकदा कुणी नातेवाईक लग्नाची पत्रिका घेऊन भल्या सकाळी आले. मावशींनी त्यांना पायरीवर बसवलं आणि सांगितलं, “जांबरुंगला दोन मिन्टं मिळत्यात, तवा द्या.” पाहुणे बिचारे अक्षता हातात धरून जांबरुंगची वाट बघत बसले. जांबरुंग आलं. भाऊंनी मान वळवली, पत्रिका घेतली, “येतो” म्हणाले आणि गाडी पुढं काढली.

बाजारात जाताना ते प्रत्येक चौकात बोट पुढं करून सिग्नल मोठ्यानं म्हणायचे. इंजिनावर ड्रायव्हरनं सिग्नल बोलायचा आणि असिस्टंटनं तोच परत बोलायचा, असा नियम आहे. भाऊ मावशींना असिस्टंटच म्हणत. “लाल,” भाऊ म्हणायचे. “लाल,” भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत मावशी म्हणायच्या. दूध वर यायला लागलं की आतून मावशींचाच आवाज यायचा, “पिवळा हो, पिवळा!” आणि भाऊ धावत जाऊन गॅस कमी करायचे.

मी डॉक्टर नाही, फिजिओ आहे, असं मी त्यांना तीनतीनदा सांगितलं. त्यातून त्यांनी माझं नाव फिजूबाई करून टाकलं.

पहिल्या वर्षीच दवाखान्यानं मला दर बुधवारी पवनानगरला जायला सांगितलं. कामशेतवरून वळसा घालून एसटीनं जायचं तर अर्धा दिवस जायचा, म्हणून मी स्कूटर घेतली. पण जवळच्या वाटेवरच्या दुधिवरे खिंडीतल्या वळणांची मला भयंकर भीती वाटे. सपाटीवर चालवायची मी, चढ दिसला की पाय टेकायची. दोन बुधवार मी पोटदुखीचं कारण सांगितलं. तिसऱ्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी भाऊंनी मला पकडलं.

“स्कूटर ऱ्हाऊ द्या हितंच,” ते म्हणाले. “पायरीवर बसा. डोळं मिटा. हात हँडलवर. काढा गाडी.”

मला हसू आलं. पण मोठ्या माणसापुढं नाही कसं म्हणायचं, म्हणून बसले. औंढोली, पुढचा चढ, खिंड असं मनातल्या मनात जाऊन आले आणि डोळे उघडले.

“कुटं पोचला?”

“खिंडीत.”

त्यांनी घड्याळ दाखवलं. “चार मिन्टात? खाली इमान हाय का? फिजूबाई, मनात बी तेवडाच येळ लागतो जेवडा रस्त्याला लागतो. लवकर पोचला म्हंजी मदला रस्ता तुमी खाल्ला. आन् जो खाल्ला तितंच पडनार. परत काढा.”

आठ दिवस मी रोज संध्याकाळी पायरीवर बसून पवनानगरला गेले. ते शेजारी उभे राहून माझ्या हातांकडं बघायचे. “वळनावर बोटं आवळली न्हाईत,” म्हणायचे. “ब्रेक लावलाच न्हाई तुमी. पडला. परत.” शेजारणी कुंपणावरून बघायच्या. मला लाज वाटायची, आणि राग यायचा, पण आठव्या दिवशी मला खिंडीत पोचायला रस्त्यावर लागतो तितकाच वेळ लागला, आणि मधली सगळी वळणं मला दिसली. कुठं खडी आहे, कुठं म्हशी आडव्या येतात, सगळं. नवव्या दिवशी बुधवार होता. मी गेले. औंढोलीच्या पुढच्या वळणावर माझा हात मी सांगायच्या आधीच ब्रेकवर गेला होता.

परत आले आणि त्यांना कॉलेजातला एक तास सांगितला. माणसानं हात न हलवता, हात हलतोय अशी नीट कल्पना केली तरी मेंदूतला हात हलवणारा भाग जागा होतो. रोज केली तर मेंदूत तिथं वाट मळत जाते, बांधावरून रोज माणसं गेली की पायवाट पडते तशी. हे मी परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते, आणि पायरीवर बसेपर्यंत त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

“हे शिकाया किती वर्सं लागली तुमाला?” त्यांनी विचारलं.

“साडेचार.”

“आमाला एका सकाळी सांगितलं हुतं. बँकरवर पयल्या दिशी. मागच्या इंजिनाला म्होरचं काई दिसत न्हाई, नुसते डबे. म्होरचा शिट्टी देतो, मंग मागच्यानं जोर लावायचा. कुटं वळन, कुटं बोगदा, सगळं आत पायजे. रस्ता डोळ्यात नगं. कमरंत पायजे.”

हे कमरेतलं प्रकरण त्यांचं नेहमीचं होतं. भाकरी भाजणं, सायकल, पोहणं, सगळं त्यांच्या मते कमरेत असायचं किंवा नसायचं. मावशी यावर कधी काही बोलल्या नाहीत. त्या सकाळी सहा वीसला कणीक मळायला घेत आणि कर्जतच्या आधी पोळ्या उरकत. व्हरांड्याकडं त्यांची पाठ असायची. मला वाटायचं, नवऱ्याचा एक खुळा नाद त्यांनी पदरात घेतलाय, एवढंच.

भाऊ पडले ते थंडीत, न्हाणीघरात. डाव्या अंगावरून वारं गेलं. वाचले, बोलणं शाबूत राहिलं, पाय महिन्याभरात काठीवर आला. डावा हात मात्र गेला. ब्रेकचा हात. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तो हात त्यांनी मांडीवर असा ठेवला होता, जसं कुणाचं तरी विसरलेलं सामान सांभाळत बसावं.

आता मात्र हे माझ्या खात्यातलं होतं. मी रबरी चेंडू आणला, दोऱ्या आणल्या, तक्ता भिंतीला लावला. भाऊंनी चेंडूकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. खुर्ची त्यांनी आदल्याच दिवशी मावशींना सांगून कोठीत ठेवायला लावली होती. सहा वीसला ते आता अंथरुणातच असायचे. जागे, भिंतीकडं तोंड करून. चहा तिथंच निवायचा.

एके दुपारी मावशी माझ्या खोलीत आल्या. त्या कधी येत नसत. कॉटच्या कडेला टेकल्या.

“हात न्हाई आला तरी चालंल,” त्या म्हणाल्या. “जेवू घालीन, कपडे घालीन. पन ते गाडीवर जाईनात बाई. मानूस घरात हाय आन् न्हाई बी. गाडीवर तेवडं घाला त्यांना, बाकी काई नगं.”

मला तेव्हा वाटलं, किती सोपं. उलट हाच तर उपचार. हात हलत नाही, पण हलल्याची कल्पना तर करता येते ना? आणि या माणसाएवढी पक्की कल्पना दुसऱ्या कुणाची असणार? मी कोठीतून खुर्ची ओढत आणली, पुसली, त्यांना हाताला धरून बसवलं, डावा हात उचलून पितळी मुठीवर ठेवला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “भाऊ, हात विसरा. नुसती मनात चालवा. चला, लोणावळा सुटलं.”

त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग समोर. खंडाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. मी घड्याळ बघत होते. त्यानंतर त्यांचा श्वास वाढला. कपाळावर घाम आला. उजवा हात हवेत काहीतरी ओढायला लागला. मला वाटलं, छान, मेंदू कामाला लागलाय. आणि एकदम ते ओरडले, असे की मावशी पिठाच्या हातांनी धावत आल्या.

“थांबंना! थांबत न्हाई! हात तितं बी न्हाई!”

ते खुर्चीतून उठायला गेले आणि डाव्या बाजूला कलले. आम्ही दोघींनी धरलं. ते रडत होते. साठी उलटलेला, मोठ्या मिशांचा माणूस मुलासारखा रडत होता, आणि मी हातात घड्याळ घेऊन उभी होते. खरं सांगते, मला माझीच घृणा आली.

शांत झाल्यावर ते एवढंच म्हणाले, “ब्रेक टेस्ट न करता गाडी घाटात सोडली तुमी. असं कोन सोडतं का? मी बी सोडली. तुमी सांगितलं आन् मी सोडली.”

त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. फिजूबाईची फिजूल बाई झाले होते मी, आणि ते त्यांनी म्हटलं नाही तरी मला ऐकू येत होतं. जन्मभर ज्या रुळाकडं त्यांनी फक्त खिडकीतून बघितलं, तिथं मी त्यांना नेलं होतं. पुस्तकात लिहिलं होतं की शरीर हलत नसलं तरी मन हलवू शकतं. हात गेला की कधी कधी मनातलाही जातो, हेही पुस्तकात होतं. ते पान मी सोडलं होतं. मधला रस्ता खाल्ला होता.

पाचव्या दिवशी मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, “चढाची गाडी का न्हाई देत त्यांना?”

मला कळलं नाही.

“उताराला ब्रेक लागतो. चढाला कशाला लागतोय? चढाला गाडीच जड. तितं जोर पायजे.” त्यांनी पातेलं पालथं घातलं. “आन् चढाला बँकर असतो की. एकट्यानं कुटं चढायचं असतं?”

साडेचार वर्षं मी शिकले होते, आणि या बाईनं ओट्याशी उभं राहून मला उपचार सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वीसला मी भाऊंच्या अंथरुणाशी गेले आणि म्हटलं, “भाऊ, कर्जतला गाडी उभी आहे. वर न्यायचीय. तुम्ही पुढं, मी बँकर.”

त्यांनी भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. मग म्हणाले, “शिट्टीबिगर ढकलायचं न्हाई.”

“नाही ढकलणार.”

असं ठरलं. ते खुर्चीत बसत, मी त्यांच्या डाव्या बाजूला स्टुलावर. माझा हात त्यांच्या हाताशी. ते पळसदरी सोडायचे, मनात बोटं मुठीभोवती आवळायचे, आणि आवळली अशी खात्री झाली की शिट्टी द्यायचे. तोंड अजून वाकडं होतं, त्यामुळं शिट्टीऐवजी नुसती हवा यायची. पण ती हवा आली की मगच मी त्यांची बोटं हळूच मिटवायची. कधी कधी ती यायला पाच मिनिटं लागत. माझ्या हाताला मुंग्या येत. पण शिट्टीच्या आधी मी ढकललं नाही.

“अकरा वर्सं मी मागं हुतो,” एकदा ठाकूरवाडीच्या चढावर ते म्हणाले. “म्होरच्याला मागचा लागला की कसं वाटतं ते आता कळतंय.”

आणि त्यांनी पुढची शिट्टी दिली.

गाडी उलटी असल्यामुळं चहा आता लोणावळ्याला मिळायचा. ते त्यांना अजिबात पटलं नव्हतं. कप उजव्या हातात घेत आणि म्हणत, “हा चहा नव्हं. हे औशद.”

दीड महिना झाला असेल. एका सकाळी जांबरुंगच्या वर त्यांनी शिट्टी दिली, चांगली ऐकू येईल अशी, आणि लगेच माझ्यावर भडकले.

“आदी ढकललं तुमी!”

“मी नाही ढकललं.”

“बोटं मिटली माजी. शिट्टी व्हायच्या आत. खोटं बोलू नगा.”

“भाऊ, शपथ. मी हात लावलेला नाही.”

ते ऐकेनात. शेवटी दारातून मावशींचा आवाज आला. “फिजूबाईंचा हात त्यांच्या मांडीवं हुता. म्या बगितला. खाज आलती त्यांना, खाजवत हुत्या.”

भाऊंनी आपल्या डाव्या हाताकडं बघितलं. तर्जनी आणि मधलं बोट पितळेवर वाकलेली होती. त्यांनी ती बोटं उजव्या हातानं सरळ केली, पुन्हा समोर बघितलं. बोटं परत वाकली. हळू, पण वाकली. मावशी आत गेल्या आणि नळ सोडून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

सगळं परत आलं असं म्हणणं खोटं होईल. उन्हाळा लागेपर्यंत मूठ मिटायला लागली, चांगली घट्ट. पण उघडायची नाही. वारं गेलेल्या हाताचं असं पुष्कळदा होतं, आणि त्यावर मी केलेले सगळे उपाय थकले. भाऊंनी त्याचा निकाल आपल्या पद्धतीनं लावला. “ब्रेक लागतो, सुटत न्हाई. गाडी हुबी ऱ्हाईल, पन निघनार न्हाई.”

पण उभी राहील हे त्यांना पुरेसं होतं. चैत्रातल्या एका सकाळी त्यांनी मला स्टुलावरून उठवलं. “आज उताराची,” म्हणाले. आणि त्यांनी ब्रेक टेस्ट केली. मूठ मिटली, धरली, मनात आकडे मोजले. उजव्या हातानं बोटं सोडवली. पुन्हा मिटली, पुन्हा मोजले. मग त्यांनी आतल्या बाजूला मान करून हाक मारली, “असिस्टंट!”

मावशी हात पुसत आल्या.

“हितं बस डावीकडं. म्या हुबी केली की तू सोडायचा.”

मावशी स्टुलावर बसल्या. अशा बसल्या जशा कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर बसतात, पदर पुढं घेऊन. खंडाळा गेलं. मंकी हिल आलं. भाऊंचा श्वास वाढला, घाम आला, आणि डावी मूठ मिटली. घट्ट. ते थांबले. मावशींनी वाकून त्यांचं एकेक बोट उघडलं. गाडी निघाली. ठाकूरवाडीला तसंच, जांबरुंगला तसंच. मी आत जाऊन चहा ठेवला, कारण ठेवायला दुसरं कुणी राहिलंच नव्हतं. “कर्जत,” बाहेरून आवाज आला, आणि मी दोन कप घेऊन गेले. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. दोघांचेही डोळे भरले होते.

त्यानंतर रोज दोघं मिळून गाडी न्यायचे आणि चहा मी करायचे. दवाखान्याची वेळ गाठायची म्हणून मी घड्याळावर डोळा ठेवून असे. मंकी हिलहून निघून ठाकूरवाडीला उभे राहिले की आधण ठेवायचं. तिथून कर्जतला सव्वीस मिनिटं. कधी सत्तावीस. दीड वर्ष हे असं चाललं. मग मला सांगलीला चांगलं काम मिळालं. निघताना भाऊंनी डावी मूठ माझ्या हातावर मिटली आणि मावशींना म्हणाले, “सोडव, न्हाईतर जायच्या न्हाईत.”

पुढच्या माघात मावशींचा फोन आला. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. व्हरांड्यात सतरंजी होती, माणसं येऊन जात होती. खुर्ची मात्र जागची हलवली नव्हती, आणि शेजारी स्टूल. मावशी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

“ठाकूरवाडीला हुबी केली,” त्यांनी मला सांगितलं, शांतपणे, जसं दुधवाला आला होता म्हणून सांगावं. “मूठ मिटली. म्या बोटं सोडवाया गेले. सुटंनात. रोज सुटत्यात, आज सुटंनात. म्हनलं लय जोरात लावला आज. मंग तोंडाकडं बगितलं.”

अशा वेळी हात का आवळला जातो, याची कारणं मला माहीत आहेत. ती मी सांगितली नाहीत. पूर्वी सांगितली असती.

सुतकाचं घर, चूल बंद. शेजारची बाई किटली भरून चहा घेऊन आली आणि मावशींच्या जवळ बसली. “मावशी, कालधरनं तोंडात काई न्हाई तुमच्या. दोन घोट घ्या.”

मावशींनी मान हलवली. “न्हाई.”

“घ्या वो. असं करून कसं चालंल?”

“चहा कर्जतला असतो आमचा,” मावशी म्हणाल्या.

शेजारणीनं माझ्याकडं बघितलं. दुःखानं बाईचं डोकं फिरलं, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. अगदी पहिल्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर होतं तसं. मी तिच्या हातातली किटली घेतली आणि खाली ठेवली.

“मावशी,” मी म्हटलं, “गाडी ठाकूरवाडीला उभी आहे ना?”

“व्हय. तितंच हाय कालपासनं.”

त्या उठल्या. स्टुलावर जाऊन बसल्या, रिकाम्या खुर्चीच्या डावीकडं. मी त्यांच्या मागं भिंतीशी उभी राहिले. त्यांनी समोर बघितलं. डावा हात मांडीवर होता. तो त्यांनी मिटला, आणि मग आपणच एकेक बोट उघडलं. गाडी निघाली.

माणसं बघायला लागली. कुणालाच काय चाललंय ते कळत नव्हतं. मावशींच्या ओठांची हालचाल होत होती. बोगद्यात त्यांनी डोळे बारीक केले. एका ठिकाणी बोट पुढं करून त्या हळूच म्हणाल्या, “पिवळा,” आणि मीही म्हटलं, “पिवळा.” जांबरुंगला मूठ मिटली, दोन मिनिटं तशीच राहिली, उघडली. या बाईनं उभ्या आयुष्यात इंजिनावर पाय ठेवला नव्हता. इतकी वर्षं व्हरांड्याकडं पाठ करून कणीक मळत होत्या, आणि रस्ता सगळा कमरेत उतरला होता.

पळसदरी गेलं असावं. मी न राहवून घड्याळाकडं बघितलं. पंचवीस मिनिटं झाली होती. मी वाकून किटलीतला चहा कपात ओतला. गार झाला होता, पण आता चूल पेटवता येणार नव्हती. सव्वीस. मावशींची मूठ हळूहळू मिटत गेली, आणि पूर्ण मिटली. त्यांनी एक लांब श्वास सोडला.

“कर्जत,” त्या म्हणाल्या, आणि हात मागं करून कप मागितला.